उंदराच्या पिल्लांवर कॉन्ज्युगेट लस टेस्ट करणार असलीस तर आधी हे वाच

अगं, बेळगावात लॅबला लागलीस ऐकून लई बरं वाटलं, पण प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या आराखड्यात, सगळे वाढ झालेलेच उंदीर लिहिलेत ते आधी बदल. कॉन्ज्युगेट लस काढली तीच मुळात तान्ह्या बाळांसाठी, कारण जंतूच्या कवचातली नुसती साखर टोचली तर २ वर्षांच्या आतल्या पोराचं शरीर तिला नीट दादच देत नाही, ती टिटॅनस टॉक्सॉइडसारख्या (धनुर्वाताचं निर्विष केलेलं विष) प्रोटीनला जोडली की टी-सेलची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, मदत मिळते आणि आठवण राहते. मग मोठ्या उंदरात आलेला झकास रिझल्ट घेऊन करायचं काय? साधारण आठवड्याची पिल्लं घे.

ग्रुप पाडताना एका आईची सगळी पिल्लं एकाच ग्रुपात टाकू नको, मी पहिल्यांदा तेच केलं आणि फरक लसीचा की आईचा ते कळेनाच, अख्खे ३ महिने गेले. प्रत्येक वेतातली पिल्लं सगळ्या ग्रुपात वाट. नुसती साखर, नुसतं प्रोटीन आणि दोन्ही न जोडता मिसळलेलं, हे कंट्रोल, म्हणजे तुलनेचे ग्रुप, पायजेतच. आईच्या दुधातून पिल्लांत अँटीबॉडी (जंतूंशी लढणारी प्रोटीनं) येतात, तेव्हा आईचं सीरमही, म्हणजे रक्तातलं पाणीही, तपास.

हातमोज्यांना पिंजऱ्यातला भुसा चोळ, नायतर परका वास आला की आई पिल्लं टाकू शकते, कधी खातेसुद्धा. आपल्याकडच्या पावसाळ्यात गारठा असतोय, पिल्लं उबेत ठेव.

आणि नुसत्या एलायझावर, म्हणजे अँटीबॉडी किती आहेत ते मोजणाऱ्या टेस्टवर, खूश होऊ नको, अँटीबॉडी जंतू मारतात का ते बघ. एथिक्स कमिटीची परवानगी हातात आल्याशिवाय एकही सुई टोचू नको.