'बॅटरीत पाणी शिरलं' म्हणून ईव्हीची वॉरंटी नाकारली, आता काय करायचं?

गाडीत इन्सुलेशन फॉल्ट (बॅटरीची वीज गाडीच्या बॉडीकडे झिरपत असल्याचा इशारा) आला, सर्व्हिस सेंटरने 'पॅकमध्ये पाणी, वॉरंटी बसत नाही' असं तोंडी सांगून हात झटकले, असं तुम्ही लिहिलंय. तोंडी नकाराला काडीची किंमत नाही. तो ईमेलवर मागा, वॉरंटी पुस्तिकेतल्या कलमासकट. फॉल्ट कोड, तो किती किलोमीटरला नोंदला गेला आणि इन्सुलेशन किती किलोओहम भरलं, हेही त्यात हवं. 'कमी आहे' चालणार नाही. ३२० व्होल्टच्या पॅकला, डीसी बाजूचा १०० ओहम प्रति व्होल्ट हा किमान निकष धरला तरी किमान ३२ किलोओहम लागतात.

पाणी सापडलं म्हणजे निदान झालं असं नाही. ते कुठून आलं यावर खर्च कोणाचा हे ठरतं. पॅक आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही आतल्या भागाला बाधा होता कामा नये. खालून दगड लागून केस चेपली असेल तर वॉरंटी विसरा, विम्याकडे जा. केस धड आहे आणि सील सुटलंय, तर दोष उत्पादनातला. लिक्विड कूलिंगच्या गाडीत तर ते 'पाणी' कूलंटही असू शकतं. टाकीतली पातळी उतरलीय का बघा आणि पॅकमधल्या द्रवाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे द्रवात काय मिसळलंय ते दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर, ठेवायला लावा. ग्लायकॉल (कूलंटमधला घटक) निघालं तर गळती कूलिंगचीच, पावसाच्या नावाने पावती फाडू देऊ नका.

पॅक अजून उघडला नसेल तर आधी हवेच्या दाबावर लीक टेस्ट करून लेखी आकडे घ्या. झाकणाचं सीलंट एकदा कापलं की मूळ सील शाबूत होतं की नाही, हे सिद्ध करणं जवळपास अशक्य. उघडताना समोर उभे राहा. कनेक्टर, व्हेंट आणि झाकणाच्या कडेचे फोटो काढा. तांब्याच्या बसबारवर (सेल जोडणाऱ्या पट्ट्यांवर) हिरवट थर असेल तर ओल जुनी असण्याची शक्यता आहे.

तरीही नाहीच म्हणाले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. दहा ते वीस लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली प्रयोगशाळेत तपासणी मागता येते.

'आठ वर्षं, १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असताना विम्यात बॅटरी प्रोटेक्ट (बॅटरीसाठीचं जादा कव्हर) कशाला?' असं विचारणारा एक शहाणा प्रत्येक घरात असतो. वॉरंटी कंपनीच्या चुकीचे पैसे देते, तुंबलेल्या पार्किंगचे नाही. साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी पुराचं नुकसान धरते, पण ओल्या गाडीला चार्जर लावल्यावर झालेल्या शॉर्ट सर्किटला विमा कंपनी फाटे फोडते. त्या कव्हरचा हप्ता वाचवणाऱ्यांचा हिशेब मला कधीच पटला नाही.

हे सगळं खासगी गाडीपुरतं. टॅक्सी परमिट असेल तर वॉरंटीच्या अटीही वेगळ्या आणि 'तुम्ही ग्राहकच नाही' हा बचावही ठरलेला. आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये पॅक आधीच खोलून बसला असाल, तर वरचं बहुतेक काही उपयोगाचं नाही.