पडक्या शहरात आधी पाणी शोधा

वाचकांचे प्रश्न : जुन्या वास्तू आणि आपली आपण भटकंती
(उत्तरं देणाऱ्या बाईंनी बडोद्याच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला.)

प्रश्न : मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. गेल्या वर्षी भजनी मंडळाच्या बसने पावागडला गेलो होतो. कालिकामातेचं दर्शन, जेवण, एका मशिदीत दहा मिनिटं आणि चार वाजता परत. येताना खिडकीतून झाडीत घुमट दिसत राहिले, ते डोळ्यांसमोरून जात नाहीत. यजमानांना आवड नाही. मैत्रिणी म्हणतात, त्या दगडांत काय बघायचं? एकटी गेले तर चालेल का? आणि गेल्यावर नेमकं बघू काय?
— एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : ताई, चालेल. जाच तुम्ही.

तुम्हाला दिसलेले घुमट पावागडच्या पायथ्याच्या चांपानेरचे, त्या पडक्या शहराचे. मी चांपानेर पहिल्यांदा पाहिलं ते १९७३ साली, वडिलांचं बोट सोडायच्या वयात. ते शहराच्या पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर होते. आजवा तलावाचं पाणी बडोद्यात कसं येतं, हे आमच्या घरी जेवताना बोललं जायचं. त्या वर्षांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे प्रा. र. ना. मेहता चांपानेरला उत्खनन करत होते. १९६९ ते १९७५ ते काम चाललं. अमीराची मंझिल म्हणतात त्या वाड्याचा पाया मातीतून वर आला होता. माझं लक्ष भिंतींकडे. वडील मात्र उकिडवे बसून एका अरुंद पन्हळीवरून हात फिरवत होते. मला म्हणाले, "हिचा उतार कुठे जातो ते बघून ये." मी पन्हळ धरून चालत गेले आणि हौदापाशी पोचले. त्या दिवसापासून पडकं गाव बघायची माझी हीच रीत आहे. आधी पाणी कुठे होतं ते शोधायचं, मग माणसं कुठे राहत होती ते आपोआप कळत जातं.

चांपानेरला ही रीत फार चांगली लागू पडते, कारण ते शहर फार थोडं जगलं आणि मग त्यावर दुसरं शहर चढलं नाही. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने जवळपास वीस महिने वेढा देऊन १४८४ मध्ये तिथल्या पताई रावळ राजाकडून पावागड घेतला आणि पायथ्याला राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनची माणसं रात्री खडकात लोखंडी खिळे ठोकून गडावर चढली. पुढे राजधानी अहमदाबादला परत गेली आणि इथे रान माजलं. म्हणजे अवघी पन्नास वर्षं! आपल्या मराठी मंडळींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा मुलूख पुढे शिंद्यांकडे होता. गोधरा, दाहोद, हालोल, कालोल आणि झालोद हे त्यांचे पाच महाल, म्हणून जिल्ह्याचं नाव पंचमहाल. ग्वाल्हेरच्या नात्यातल्या माणसांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा चेहरा उजळतो.

आता वाट सांगते. बडोद्याच्या एस.टी. स्टँडवरून सकाळची पहिली पावागडची गाडी पकडा. थेट मिळाली नाही तर हालोलपर्यंत जा, पुढे शटल रिक्षा मिळतात. साधारण पन्नास किलोमीटर. चांपानेरच्या थोडं अलीकडे रस्त्यालगत एक गोल वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, बसमधून सहज निसटते. जाताना राहू द्या, येताना रिक्षा थांबवून बघा. विहिरीच्या भिंतीला धरून जिना वेटोळं घेत पाण्यापर्यंत उतरतो. रुंदी जेमतेम सव्वा मीटर. वरून नुसतं डोकावलं तरी पुरे. एकटं असताना शेवटच्या पायऱ्यांवर मुळीच उतरू नका, शेवाळ असतं.

कोटाच्या आत 'शहर की मशीद' नावाची मशीद आधी लागते. तिथे फार रेंगाळू नका, सकाळचं ऊन जामी मशिदीसाठी राखा. पूर्वेच्या दरवाजातून बाहेर पडून चालत जा. मशिदीच्या आत १७२ खांब आहेत. सगळे मोजायला जाऊ नका. मधल्या उंच भागाखाली उभ्या राहा आणि वर बघा. उजेड वरून मजल्या-मजल्याने खाली कसा येतो ते दिसेल. कमळं आणि वेली बघा. माणूस किंवा प्राणी कुठेही कोरलेला नाही, पण ते कमळ गुजरातच्या देवळांतल्या छतांवर असतं तेच आहे. कारागिराचा हात तोच होता. मला इथे दर वेळी भरून येतं.

मग बाहेर या आणि लगतचा अष्टकोनी कुंड शोधा. नमाजाआधी हातपाय धुवायचं पाणी इथे साठायचं. कडेला बसा, दशमी खा, आणि स्वतःला विचारा : हे पाणी कुठून भरत असतील? मान आपोआप डोंगराकडे वळते. पावागड सुमारे ८०० मीटर उंच. पावसाळ्यात त्याच्या अंगावरून उतरणारं पाणी अडवल्याशिवाय या गावाचं भागणारच नव्हतं. गडाच्या टप्प्याटप्प्यावर तळी आहेत. त्यांची नावं लोकांनी किती मायेने ठेवलीत बघा : तेलियू, छासियू आणि दुधियू. तेलाचं, ताकाचं आणि दुधाचं तळं. खाली सपाटीवर वडा तलाव. काठावर खजुरी मशिदीचे अवशेष आणि कबुतरखाना म्हणतात ती वास्तू. जामी मशिदीपासून केवडा मशिदीवरून वडा तलावापर्यंतचा पट्टा एका दिवसाला पुष्कळ झाला. कालिकामातेला त्याच दिवशी जाऊ नका. तिच्यासाठी वेगळी सकाळ काढा. मौलिया पठारावरचं लकुलीशाचं देऊळ बघायचं असतं तेव्हा वर गडावर जायचं. ते चांपानेरच्या सगळ्या मशिदींहून चार-पाच शतकांनी जुनं आहे.

एकटेपणाबद्दल. १९८४ साली मी कमानी मशीद शोधत रानात आत गेले, चित्र काढत बसले आणि अंधार पडल्यावर भानावर आले. शेवटची गाडी गेली होती. दुधाच्या टेम्पोतून हालोलला आले, घरी वडील दारात उभे होते. ती रात्र मी विसरले नाही. तेव्हा एवढं पाळा : पहिल्या चौकीदाराला सांगून पुढे जा, "भाई, वडा तलाव सुधी जाऊं छुं." तो परतीच्या वेळेला वाट बघतो, हा माझा अनुभव आहे. दुपारी तीननंतर रानातल्या वास्तूकडे पाय वळवू नका. घुमटाखाली शिरण्याआधी वर मधमाश्यांचं पोळं आहे का बघा. बंद बूट, काठी, दोन लिटर पाणी. चैत्र आणि आश्विनातली नवरात्रं टाळा, गर्दीत गाडीत उभं राहायलाही जागा मिळत नाही. कोजागिरी झाली की जा. तळी भरलेली असतात आणि गवत अजून हिरवं असतं.

प्रश्न : काकू, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चांपानेर जागतिक वारशाच्या यादीत आहे म्हणून मुद्दाम गेलो. अर्ध्या तासात कंटाळलो. सगळं सारखंच वाटलं. गाइड घ्यायला हवा होता का?
— एक विद्यार्थी, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : बाळा, २००४ मध्ये गुजरातमधलं पहिलं नाव त्या यादीत गेलं ते चांपानेर-पावागडचं. पण यादी बघून गेलास म्हणून तुला काही दिसलं नाही. गाइड चांगला मिळाला तर जरूर घे, त्याचं त्यावर घर चालतं. पण पहिल्या वेळी नको. तो कथा सांगेल, तू मान हलवशील आणि डोळे मोबाइलवर राहतील.

पुन्हा जा. या वेळी फक्त एक इमारत. नगिना मशीद निवड, ती लहान आहे. वहीत तिचा आराखडा पावलांनी मोजून काढ. दार किती पावलांवर, खांब किती अंतरावर. चुकलास तर परत मोज. दोन खांबांतलं अंतर कुठे अचानक वाढलं, हे लक्षात आलं की "का?" हा प्रश्न तुझा तुला पडेल, आणि मग वाचायला पुस्तकं मी सुचवीन. फोटो सगळ्यात शेवटी काढ. आणि भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं तर बरोबरच्या मित्रांनाही दाखव, की पाचशे वर्षं टिकलेल्या दगडावर कोणी खिळ्याने बदाम काढलाय. मला ते बघून पोटात तुटतं.

प्रश्न : गुडघ्यांमुळे चढणं जमत नाही. बडोद्याहून अर्ध्या दिवसात, सपाटीवर काही बघता येईल का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : डभोई. साधारण तीस किलोमीटर, बस सतत असतात. कोटाला चार दिशांना चार दरवाजे : हिरा, वडोदरी, चांपानेरी आणि नांदोदी भागोळ. सगळे गावातच, रिक्षा दारापर्यंत जाते. विसलदेव वाघेल्याच्या काळातलं, तेराव्या शतकातलं हे काम. वेळ सगळा हिरा भागोळीला द्या. दरवाजाला लागूनच कालिकामातेचं देऊळ आहे, त्यावरचं कोरीवकाम जवळून, बसूनही बघता येतं.

या डभोईजवळच १ एप्रिल १७३१ ला पहिल्या बाजीरावांनी मराठ्यांचेच सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला. दाभाडे पडले. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने लढत होते. तुम्ही दांडिया बाजारातल्या, म्हणजे बडोद्याच्या जुन्या मराठी वस्तीतल्या, तेव्हा तुमच्याही घराण्यातलं कोणी त्या दिवशी एका नाहीतर दुसऱ्या बाजूला असेल. घरात जुने कागद असतील तर निघण्याआधी एकदा बघून घ्या. सकाळी आठची बस धरा म्हणजे हिरा भागोळीवर पूर्वेचं ऊन मिळेल, आणि एक वाजता घरी जेवायला याल.