‘बंकम’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय? लेक्चर ‘बंक’ करणे त्यातूनच आले का?

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याकडे मी शेवटी येतो. ‘बंकम’ची जन्मकथा अधिक रंजक आहे. बहुतेक शब्द कधी आणि कोणाच्या तोंडून रूढ झाले याचा माग लागत नाही. या शब्दाला मात्र गाव आहे, माणूस आहे आणि तारीखसुद्धा आहे.

मिसूरीला राज्याचा दर्जा देताना तेथे गुलामगिरीला मुभा असावी की नसावी, यावर अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात दीर्घकाळ चर्चा चालली होती. २५ फेब्रुवारी १८२० रोजी, सदस्य कंटाळून मतदानाची वाट पाहत असताना, नॉर्थ कॅरोलिनाचे फेलिक्स वॉकर बोलायला उभे राहिले. ‘आता मतदान घ्या’ असा ओरडा सुरू झाला, तरी ते खाली बसेनात. आपल्याला ‘बंकमसाठी’ बोलायचे आहे, असे त्यांनी सांगितले. बंकम ही त्यांच्या मतदारसंघातील एक काउंटी, म्हणजे साधारणपणे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग; आजचे ॲशव्हिल शहर तेथेच आहे. सभागृहाला पटो वा न पटो, आपला माणूस वॉशिंग्टनमध्ये बोलला हे गावाकडे कळले म्हणजे झाले, असा तो हिशेब होता. पुढे ‘बंकमसाठी बोलणे’ हा वाक्प्रचारच रूढ झाला, स्पेलिंग उच्चाराप्रमाणे बदलले आणि ‘बंकम’ म्हणजे पोकळ, दिखाऊ बोलणे असा अर्थ स्थिरावला. त्या काउंटीला ज्यांचे नाव दिले होते ते कर्नल एडवर्ड बंकम स्वातंत्र्ययुद्धात १७७७ साली जर्मनटाउनच्या लढाईत जखमी झाले आणि ब्रिटिशांच्या कैदेत वारले. त्यांचे आडनाव वायफळ भाषणाला चिकटावे, हा त्यांच्यावर मोठाच अन्याय म्हणायचा.

या शब्दासाठी ‘थाप’ हा प्रतिशब्द वापरला जातो, पण तो मला अपुरा वाटतो. थाप मारणाऱ्याला समोरच्याने विश्वास ठेवावा असे वाटत असते, तर मूळच्या बंकमला समोरच्याशी कर्तव्यच नसते. ऐकणारा खरा श्रोता दूर, गावी बसलेला असतो. पुढे ही छटा पुसट झाली आणि आज इंग्रजीत कोणत्याही निरर्थक बोलण्याला हा शब्द लावतात. त्या व्यापक अर्थासाठी ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ किंवा ‘वायफळ बडबड’ चालून जाईल.

‘बंकम’चे लघुरूप म्हणजे ‘बंक’. इतिहास म्हणजे कमीअधिक प्रमाणात बंकच, असे हेन्री फोर्ड १९१६ साली एका मुलाखतीत म्हणाले होते. विल्यम वुडवर्ड यांनी १९२३ च्या आपल्या ‘बंक’ याच नावाच्या कादंबरीत त्याला नकारार्थी उपसर्ग जोडून ‘डिबंक’ हे क्रियापद वापरले आणि ते रुळले. त्याला मराठीत ‘पितळ उघडे पाडणे’ इतके चपखल बसते की वेगळा शब्द घडवण्याची गरज नाही.

आता कॉलेजातला ‘बंक’. ब्रिटिश बोलीभाषेत पळ काढणे, निसटणे या अर्थाचा ‘बंक’ आहे, आणि लेक्चर बंक करणारी आपली मुले तोच वापरतात. रेल्वेतल्या किंवा वसतिगृहातल्या झोपायच्या फळीला म्हणतात तो ‘बंक’ तिसराच; तो बहुधा बाक या अर्थाच्या ‘बंकर’ या स्कॉटिश शब्दाचे लघुरूप असावा.