प्रस्ताव आहे, पण फिल्म कुठे आहे?

प्रश्न : मी माध्यम अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रस्ते वाहतुकीचं धोरण बदलायला हवं, यावर तासाभराचा माहितीपट करायचा आहे. काही संस्थांना प्रस्ताव पाठवले, पण उत्तर आलं नाही. निधी कुठून मिळेल? की आधी सरळ नोकरी धरू?

उत्तर : तुझा प्रस्ताव वाचला. वेगमर्यादा, दंड, पदपथ, परवाने, बससेवा असं सगळं त्यात आहे. फक्त फिल्म नाही. जगात वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसं रस्त्यावर जीव गमावतात, ही ओळ तू पहिल्याच पानावर घेतली आहेस. आकडा खरा आहे, पण या विषयावर अर्ज करणारे सगळेच तो देतात. निधी देणाऱ्याला वेगळंच जाणून घ्यायचं असतं : कॅमेरा कुणाच्या मागे फिरणार, ती माणसं तुला जवळ येऊ देतील का, आणि शेवट काय होईल हे आज तुलाही माहीत नाही असं त्यात काय आहे?

स्टॉकहोमचं बघ. २००६ च्या जानेवारीत तिथे शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं, तेही काही महिन्यांच्या प्रयोगापुरतं. आधी लोकमत विरोधात होतं. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक जवळपास पाचव्या हिश्शाने घटली आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने बाजूने कौल दिला. आसपासच्या ज्या पालिकांनी मत घेतलं, तिथे एकूण कौल मात्र उलटा पडला. पुढच्या वर्षी शुल्क कायम झालं. यात दोन बाजू आहेत, मुदत आहे, मत बदलणारी माणसं आहेत. तुझ्या आवाक्यातला, अजून न झालेला असा एखादा निर्णय शोध आणि बाकीचे मुद्दे निर्दयपणे काप.

मग तीन-चार मिनिटांचा नमुना स्वतःच शूट कर. नवख्या दिग्दर्शकाच्या कागदापेक्षा त्यालाच जास्त वजन असतं. अमेरिकेतल्या सनडान्स या चित्रपट संस्थेचा माहितीपट निधी किंवा ॲमस्टरडॅमच्या इडफा माहितीपट महोत्सवाचा, आशिया-आफ्रिकेतल्या दिग्दर्शकांनाही खुला असलेला इडफा बर्था फंड यांचे नियम जरूर वाच, पण पहिल्या फिल्मचा सगळा हिशेब त्यांच्यावर मांडू नकोस. लोकवर्गणीचा विचार असेल तर किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावर ठरवलेली रक्कम पूर्ण झाली नाही तर काहीच हाती येत नाही, तेव्हा आकडा बेतानेच ठेव. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्था पैसे देतात, पण बहुतेकदा त्यांना प्रचारफिल्म हवी असते. अंतिम संकलनाचा हक्क तुझा, हे आधी लेखी घे. वाहन कंपनीचा किंवा टोल ठेकेदाराचा पैसा मात्र नकोच. पडद्यावर त्यांचं नाव दिसलं की प्रेक्षक तुझा एकही मुद्दा ऐकणार नाही.

नोकरी धर, पण निर्मात्याच्या कार्यालयात. विद्यार्थ्यांना कॅमेऱ्याशेजारी उभं राहायचं असतं, अंदाजपत्रक आणि संमतिपत्रं कुणालाच नको असतात. तुला नेमकं तेच यायला हवं. तुझ्या अंदाजपत्रकात ध्वनी, संगीताचे हक्क आणि उपशीर्षकं यांना एक रुपयाही नाही, आणि अनुभवी परीक्षक ते पान सगळ्यात आधी उघडतो.