पंपात खडी वाजतेय? मोठा पंप घेऊ नका, आधी सक्शन (पाणी ओढायची बाजू) बघा

भावा, टाकी अर्ध्यावर आली की पंपात खडी घातल्यागत आवाज, प्रेशर ढिलं आणि सहा महिन्यांत इंपेलरची (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाची) चाळण, हे तू लिहिलंयस ते अगदी आमचंच रडगाणं. आम्ही पंचगंगेचं पाणी गाळ टाकीत निवळवून वर उसाला चढवतो. पावसाळ्यात नदी तांबडी झाली की टाकीत नुसता रबरबाट.

प्रायमिंग (पंपात आधी पाणी भरणं), ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग) तू बघितलंच असशील, ते सोडतो.

आमची घोडचूक वेगळीच. एका कचेरीत (नाव नको) तीन हेलपाटे घातले. साहेबांनी पंप डोळ्यांनी न बघताच सांगितलं, "पंप कमी पडतोय, मोठा टाका." टाकला. सक्शन पाइप मात्र तोच, चार इंची. मोठा पंप जास्त पाणी ओढणार, पाइपात वेग वाढणार, दाब तिथंच खर्ची पडणार. मग इंपेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की गार पाण्याचीच वाफ होते आणि ते बुडबुडे पुढं दाबात फुटताना धातू खातात. एका हंगामात नवा इंपेलर गेला. उघडला तर पात्यांवर देवीच्या व्रणांगत खड्डे, बोट फिरवलं तर नख अडकायचं. मी वाळूला दोष देत बसलो! वाळू घासून गुळगुळीत करते, असे खड्डे पाडत नाही.

शेवटी सक्शनला व्हॅक्यूम गेज (ओढ मोजायचा मीटर) लावला. काटा २० इंचांवर. एक इंच पारा म्हणजे साधारण ३५ सेंमी पाणी, म्हणजे झाले सात मीटर. टाकीतलं पाणी तर पंपाच्या जेमतेम दोन मीटर खाली! उरलेले पाच मीटर खाल्ले बारक्या पाइपानं आणि चिखलात रुतलेल्या फूटव्हॉल्व्हच्या (पाइपाच्या बुडाचा, पाणी परत न सोडणारा व्हॉल्व्ह) जाळीनं.

जुना पंप परत बसवला, सक्शन सहा इंची केलं, फूटव्हॉल्व्ह तळापासून अडीच फूट उचलला. पण फार वर घेऊ नकोस, भोवरा होऊन हवा शिरते. पंपाच्या तोंडालाच एल्बो (वळणाचा तुकडा) नको, थोडा सरळ पाइप ठेव. रिड्यूसर (मोठा पाइप पंपाच्या बारीक तोंडाला जोडणारा तुकडा) एका बाजूनं सपाट घे, ती बाजू वर. तोवर आवाज दाबायचा तर डिलिव्हरीचा (पाणी बाहेर सोडायच्या बाजूचा) व्हॉल्व्ह थोडा आवळ. सक्शनच्या व्हॉल्व्हला हात लावशील तर आणखी बिघडेल.

मी काही इंजिनिअर नाही, तुझ्या पंपाचा कंपनीनं दिलेला तक्ता बघूनच काय ते ठरव. आणि दिवाळीच्या आत टाकीतला गाळ काढ, नंतर ऊसतोडीत माणूस मिळत नाही.

तो मोठा पंप अजून शेडात पडून आहे. विकणाऱ्यानं परत घेतला नाही, आणि साहेबांची बदली झाली.