मोहफुलाचा सडवा उन्हाळ्यात आंबट का होते? अन् यीस्टचं शिकायचं कुठं?

सडवा म्हणजे दारूसाठी मडक्यात पाण्यात भिजवून आंबवलेली मोहफुलं. तो आंबट होते कारण त्या मडक्यात एकटं यीस्ट, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारी बारीक बुरशी, नसते नं भाऊ. फुलावर, मडक्याले, पाण्यात जे काही जंगली यीस्ट अन् बॅक्टेरिया असतात ते सगळेच साखरेवर तुटून पडतात, जो जिंकला त्याचा माल. अल्कोहोल बनवणारं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, त्याले ३० डिग्रीच्या आसपास बरं वाटते, अन् आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ले जाते, सावलीतलं मडकंही तापते, मग यीस्ट ढिलं पडते अन् आंबटपणा आणणारे लॅक्टिक ॲसिडवाले बॅक्टेरिया जोर धरतात. झाकण उघडं राहिलं तर हवा लागून अल्कोहोलचा चक्क सिरका होते.

यावर उपाय जुनाच आहे, शुद्ध यीस्ट वापरायचं. १८८३ मध्ये डेन्मार्कचा शास्त्रज्ञ एमिल हॅन्सननं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या लॅबमध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, तवापासून बिअरची चव दरवेळी सारखी येऊ लागली. मोहावर असंच काम व्हावं असं मले मनापासून वाटते, इतकं गोड फूल अन् आपण ते नशिबावर सोडतो.

शिकायचं असन तर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी कर, मग पुण्याजवळ मांजरीले वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजीचं पाह्य. शुद्ध कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेलं एकाच जातीचं यीस्ट, पुण्याच्याच एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मधल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात मिळतात. पण घरी भट्टी लावू नको, लायसनशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, अन् गडचिरोलीत तर १९९३ पासून दारूबंदीच आहे.