दोडक्यावरची आणि पेरूवरची फळमाशी एकच का? फोटोवरून कसं ओळखायचं?

शिरोळच्या मळ्यात दोडक्यावर सापडलेली माशी आणि घरामागच्या पेरूवरची माशी, दोन्ही फोटोत सारख्याच दिसतात, मग जात एकच का, असं तुम्ही विचारलंय. एक नाही. दोन्ही फळमाश्याच, पण वेगळ्या.

आधी रंगावर जाणं सोडा. कोशातून नुकतीच निघालेली माशी फिकट असते, शिवाय मोबाइल उन्हात तपकिरीचं तांबडं करून टाकतो. बघायची ती पाठ आणि पंख.

तुमच्या दोडक्याच्या फोटोत पाठीवर दोन्ही कडांना पिवळ्या पट्ट्या आहेत आणि बरोबर मधोमध तिसरी. वेलवर्गीय भाज्यांवरची माशी म्हणायला एवढं बास. आता पंख मोठा करून बघा. टोकाला मोठा डाग आहेच, पण आतल्या आडव्या शिरेवरही धुरकट पट्टा उतरलाय. म्हणून ही झ्युगोडॅकस कुकर्बिटी. तो पट्टा नसता तर मी टाऊच्या (कुकर्बिटीसारखीच दिसणारी जवळची जात) गटात टाकून तिथंच थांबलो असतो.

पेरूवरचीला मधली पट्टी नाही. पंखाच्या पुढच्या कडेनं टोकापर्यंत बारीक काळी किनार अखंड गेली असती तर बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस म्हटलं असतं. (तिच्या गोतावळ्यात शास्त्रज्ञांचाही बराच काळ घोळ होता. पपाये आणि इन्व्हाडेन्स या वेगळ्या मानलेल्या जाती डॉर्सालिसच आहेत, असं २०१५ मध्ये ठरलं.) तुमच्या माशीची किनार मधेच तुटलीय आणि टोकाला सुटा ठिपका आहे. म्हणजे बॅक्ट्रोसेराच्याच दुसऱ्या दोन जातींपैकी एक, झोनाटा नाहीतर करेक्टा. त्यांचा निकाल तोंडावर लागतो. झोनाटाच्या तोंडावर दोन सुटे काळे ठिपके, करेक्टाच्या तोंडावर आडवी काळी रेघ. तुम्ही फोटो वरून काढलाय, त्यामुळं मी नाव सांगणार नाही. कुणी छातीठोक सांगितलंच, तर त्याला तोंड कुठं दिसलं ते विचारा.

पुढच्या वेळी माशी डबीत घालून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. गारठली की जराशी गप्प बसते. पांढऱ्या कागदावर ठेवून एक फोटो वरून, एक अगदी समोरून आणि एक पसरलेल्या पंखाचा काढा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पंख नुसता चकाकतो.

माशी कामगंध सापळ्यातली असेल तर आत कुठला ल्युर (नर माशीला वासानं ओढणारं आमिष) होता तेही लिहा. त्यानं निम्मं काम होतं. कुकर्बिटीचे नर क्यू ल्युरला येतात, तर डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टाचे नर मिथाइल युजेनॉलला. दोडक्यात मिथाइल युजेनॉल टांगायचं आणि माशी येत नाही म्हणून ल्युर बोगस म्हणायचं, असे लोक आपल्याकडं पुष्कळ आहेत. दुकानात नुसतं ‘फळमाशीचा सापळा द्या’ म्हणू नका, दोडक्यासाठी क्यू ल्युर आणि पेरूसाठी मिथाइल युजेनॉल असं नाव घेऊन मागा.